राणीछाप रुपये आणि दरबारची पदकं: जुना डबा उघडल्यावर या चुका टाळा

आमच्या घरी दसऱ्याला पाटावर विळा, कोयता, खुरपं यांच्या शेजारी एक चांदीचं पदक ठेवलं जायचं. पणजोबांच्या थोरल्या भावाचं. ते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले आणि परत आले नाहीत, एवढंच घरात ठाऊक. पदकाच्या एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, म्हणून सगळे त्याला ‘राजाचं मेडल’ म्हणायचे. पूजेच्या आदल्या दिवशी आजी ते चिंचेच्या कोळात भिजवून राखेनं घासायची. तिच्या आधी तिची सासू तेच करत होती.

मी पहिल्यांदा भिंग घेऊन त्या पदकाची कड पाहिली तेव्हा कळलं, की तिथं एक अख्खी ओळ ठोकलेली होती: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. आज त्यातलं शेवटचं ‘मराठाज’ तेवढं लागतं. बाकीची अक्षरं दसऱ्यागणिक झिजत गेली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात लढल्या आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या; २९ एप्रिल १९१६ ला ते ठाणं पडलं. आमचे थोरले पणजोबा यांतल्या कोणत्या पलटणीत होते, हे त्या कडेनं सांगितलं असतं. आजीचा दोष नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी या नाण्या-पदकांच्या मागे आहे. ओळखीचे लोक आपापले डबे घेऊन येतात. बहुतेक डब्यांचं नुकसान ते सापडल्याच्या पहिल्या आठवड्यातच झालेलं असतं. कुणी घासून ठेवलेलं असतं, कुणी व्हिडिओ बघून लाखांची आशा धरलेली असते, कुणी घाईघाईनं सोनाराकडे मोडीत घातलेलं असतं. निदान तुमच्या डब्याचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

घासू नका

ही चूक पहिली सांगतो, कारण ती मागं घेता येत नाही.

चांदी काळी पडते ती मळामुळे नव्हे. हवेतल्या गंधकाशी तिचा संयोग होऊन वर अतिशय पातळ थर चढतो. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, राख, काहीही लावून घासलं की तो थर जातो, पण त्याच्याबरोबर खालची चांदीही थोडी जाते. आणि जाते ती नेमकी उंच भागावरची: राणीच्या कानावरचे केस, मुकुटाच्या कडा, अंगरख्याची नक्षी. जाणकार माणूस नाण्याचा दर्जा ठरवताना याच जागा बघतो. नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की घासल्याच्या बारीक समांतर रेघा त्याला लगेच दिसतात, आणि भाव तिथंच पडतो. काळपट, निळसर, क्वचित कडेला सोनेरी झाक आलेला राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचा, रुपया तुम्हाला घाणेरडा वाटेल; संग्राहकाला तोच हवा असतो.

माती असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वाटीत घ्या, नाणं रात्रभर त्यात ठेवा, सकाळी मऊ सुती कापडावर ठेवून वरून नुसतं टिपा. पुसायचं नाही. तांब्याच्या नाण्यावर घट्ट तपकिरी-हिरवट झाक असेल तर ती त्याचं संरक्षण करते, तिला हात लावू नका. हिरवी पूड बोटाला लागत असेल तर मात्र ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि जाणकाराला दाखवा.

लक्ष्मीपूजनाला बहुतेक घरांत हेच रुपये ताम्हनात बसतात. हळद-कुंकू, दूध, पंचामृत, मग पुन्हा चिंच. पूजा जरूर करा, पण त्यासाठी आधीच झिजलेला एखादा रुपया कायमचा ठरवून टाका आणि बाकीचे डब्यातच राहू द्या.

ठेवण्याबद्दल थोडंसं. रबरबँडमध्ये गंधक असतं, तो नाण्यावर काळा पट्टा उमटवतो. पीव्हीसीचे मऊ, वास येणारे प्लास्टिकचे कप्पे काही वर्षांत चिकट होतात आणि नाण्यावर हिरवट राप सोडतात. सेलोटेप तर नकोच. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात ते वापरा, आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. पदकाची जुनी फीत फाटकी असली तरी काढून टाकू नका. तिच्या रंगांवरूनही पदक ओळखता येतं.

मुखवटा राजाचा, पण वस्तू कोणती?

राजा-राणीचा चेहरा दिसला की लोक सगळ्याला एकच नाव देतात. डब्यात मात्र निदान चार-पाच जातींच्या वस्तू असू शकतात, आणि प्रत्येकीचा बाजार वेगळा.

नाण्यावर मूल्य लिहिलेलं असतं: एक रुपया, पाव आणा, जे असेल ते. इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात राज्यारोहणाचं किंवा ज्युबिलीचं स्मारक नाणं चलनात आणलंच नाही. भारतात चलनातलं पहिलं स्मारक नाणं निघालं ते १९६४ साली, पंडित नेहरूंचं. तेव्हा ‘जॉर्ज राजाच्या राज्याभिषेकाचा खास रुपया’ म्हणून कुणी काही दाखवलं तर तो रुपया नव्हे. ते पदक किंवा बिल्ला असणार.

छातीवर लावायच्या पदकाला वर कडी आणि फीत असते. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबाराचं पदक आपल्याकडे बऱ्यापैकी सापडतं. सुमारे साडेअडतीस मिलिमीटर रुंद, चांदीचं. एका बाजूला फुलांच्या वेलबुट्टीत राजा-राणीचे एकामागे एक मुखवटे, दुसऱ्या बाजूला पूर्ण फारसी मजकूर. तो मजकूर बघून लोक पदक निजामाचं ठरवून मोकळे होतात. फारसीत पंचम जॉर्जच्या दरबाराचाच उल्लेख आहे. सोन्याची दरबार पदकं फक्त २०० पाडली गेली आणि त्यांतली निम्मी संस्थानिकांना आणि सर्वांत वरच्या सरकारी अधिकाऱ्यांना मिळाली. चांदीची सुमारे ३०,०००. तुमच्या घरातलं पिवळं दिसत असेल तर आधी मुलाम्याचा विचार करा.

पंचम जॉर्जच्या १९३५ च्या रौप्यमहोत्सवाचं पदक जगभरात ८५ हजारांवर दिलं गेलं, १९३७ च्या राज्याभिषेकाचं सुमारे ९० हजार. ही दोन्ही, आणि १९११ चं दरबार पदकही, नाव न घालता दिलेली आहेत. म्हणून ‘कडेवर नाव नाही म्हणजे नकली’ हे चूक. उलट महायुद्धाच्या चांदीच्या पदकावर, म्हणजे आमच्या घरातल्यासारख्या पदकावर, नाव असायलाच हवं. त्याच्या मागच्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष आणि १९१४ व १९१८ ही सालं असतात. त्याची कड गुळगुळीत असेल तर ती घासली गेली आहे किंवा मुद्दाम खरवडली आहे. या पदकाची किंमत चांदीत कमी आणि कडेवरच्या नावात जास्त असते. कारण नाव आणि पलटण कळली की ते एका माणसाचं पदक होतं. त्याच्याबरोबर मिळालेलं, पंख असलेल्या विजयदेवतेचं पदक ब्राँझचं असतं. त्याला सोन्याचं समजून कसोटीवर घासलेलं मी पाहिलंय.

कडी नसलेली मोठी पदकं ही विकत घेऊन ठेवायची स्मृतिपदकं. व्हिक्टोरियाच्या १८९७ च्या हीरकमहोत्सवाचं अधिकृत पदक दोन आकारांत निघालं, ५६ मिलिमीटर आणि २६ मिलिमीटर. एका बाजूला म्हातारी, डोक्यावर ओढणी घेतलेली राणी, दुसऱ्या बाजूला तरुण राणी. छोटं चांदीचं पदक इतकं सर्रास मिळतं की त्यासाठी कुणी तुमच्या मागे लागणार नाही. मोठं मात्र नीट जपलेलं आणि मूळ डबीसकट असेल तर घाई करू नका. ती डबीसुद्धा किमतीत धरली जाते. याशिवाय पितळेचे, ॲल्युमिनियमचे, शिशाच्या मिश्रणाचे बिल्ले आहेतच. अशा सोहळ्यांना शाळकरी पोरांना ते वाटले जायचे. पैशात त्यांना मोल थोडं, पण आजोबांच्या शाळेचं नाव त्यावर असेल तर विकायचा विचारही करू नका.

इंग्लंडमधल्या मावशीनं पाठवलेलं मोठं, जड नाणं अनेक मराठी घरांत असतं: १९७७ चं घोड्यावरच्या एलिझाबेथचं, नाहीतर १९८१ चं चार्ल्स-डायनाच्या लग्नाचं. त्यावर मूल्य छापलेलंच नाही, म्हणून ते पदक समजलं जातं, आणि चकचकीत म्हणून चांदीचं. ते २५ पेन्सचं क्राउन नाणं आहे, तांबं-निकेलचं. १९७७ चंच साडेतीन कोटींहून जास्त पाडलं होतं. चांदीची प्रूफ, म्हणजे खास संग्राहकांसाठी पाडलेली, आवृत्ती वेगळी, ती डबीत आणि प्रमाणपत्रासह येते.

आणि शेवटची जात, जिच्यामुळे सर्वांत जास्त निराशा होते: सोनारानं दिवाळीला विकलेली राणीछाप प्रतिकृती. चांदी खरी, राणी खरीखुरी दिसते, साल १८४० किंवा १९०१. पण वजन नेमकं १० ग्रॅम भरतं किंवा कुठंतरी बारीक ९९९ असतं. खरा कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला, रुपया कधीच दहा ग्रॅमचा नव्हता.

राज्याभिषेकच झाला नाही, मग तर दुर्मीळच की!

आठव्या एडवर्डचा बिल्ला घेऊन येणारे लोक फार उत्साहात असतात, आणि त्यांना सांगताना मलाच वाईट वाटतं. एडवर्डनं डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली. त्याचा राज्याभिषेक १२ मे १९३७ ला ठरला होता, आणि कारखानदारांनी त्या तारखेचे बिल्ले, पेले, पदकं आधीच बनवून ठेवली होती. ती सगळी बाजारात आली. त्याच तारखेला मग त्याच्या भावाचा, सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. म्हणजे झालेल्या सोहळ्याच्या वस्तू आणि न झालेल्या सोहळ्याच्या वस्तू, दोन्ही मुबलक.

आठव्या एडवर्डचं वेगळं काही शोधायचंच तर ते दुसऱ्या ठिकाणी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांवर एडवर्ड आठवा कधी आलाच नाही, पण कच्छ संस्थाननं १९३६ मध्ये त्याच्या नावानं ‘कोरी’ ही तिथली चांदीची नाणी पाडली. मुखवटा नाही, फारसीत नुसतं नाव. गुजराती व्यापारी घराण्यांशी सोयरिक किंवा व्यवहार असलेल्या मुंबईकरांच्या डब्यात अशी कोरी निघू शकते, आणि ‘काहीतरी उर्दू नाणं’ म्हणून ती बाजूला पडते.

असाच घोळ १९०२ चा. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. ऐनवेळी पोटाचं ऑपरेशन करावं लागलं आणि सोहळा ९ ऑगस्टला झाला. २६ जूनची तारीख असलेली पदकं ‘चुकीच्या छपाईची, म्हणून अनमोल’ म्हणून सांगितली जातात. ती तारीख खूप पदकांवर आहे. छातीवर लावायच्या अधिकृत पदकावरही तीच आहे.

साल वाचताना

नाण्यावरचं साल म्हणजे ते पाडल्याचं साल, असं प्रत्येक वेळी नसतं. १८४० चा व्हिक्टोरियाचा रुपया त्याच सालासकट वीसेक वर्षं पाडला जात होता. १८६२ चा रुपया त्यानंतर दहा-बारा वर्षं, आणि मुंबई टांकसाळीनं पुढची वर्षं दाखवायला बारीक ठिपके वापरले. म्हणून ही दोन सालं सगळ्यांत जास्त सापडतात. तुमच्याकडे १८६२ चा रुपया असेल तर सालाकडे बघून खूश होऊ नका. भिंगाखाली ठिपके मोजा. काही ठिपक्यांच्या जोड्या खरोखरच कमी मिळतात.

दुसरी गंमत संस्थानांच्या नाण्यांची. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचा तांब्याचा पाव आणा असतो, महाराजांच्या मुखवट्याचा, त्यावर देवनागरीत १९७४. एका बाईंनी तो ‘माझ्या लग्नाच्या वर्षीचा’ म्हणून मुलांना खेळायला दिला होता. ते विक्रम संवत आहे. त्यातून ५७ वजा करा: १९१७. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या मुखवट्याच्या रुपयावरचं १९४९ म्हणजे इसवी सन १८९२. आणि हिजरी साल असेल तर नुसती वजाबाकी पुरत नाही, कारण ते वर्षच लहान असतं. तक्ता बघावा लागतो. १२०४ हे साल म्हणजे यादवांचा काळ नव्हे, १७८९-९० आहे.

१९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाबद्दल मात्र लोक ऐकून असतात. राजाच्या अंगरख्यावरच्या पदकमाळेत एक हत्ती आहे, त्याची सोंड आखूड काढली गेली आणि तो डुकरासारखा दिसू लागला. ओरड झाली, बहुतेक रुपये वितळवले, १९१२ पासून हत्ती सुधारला. तुमचा १९११ चा असेल तर आधी हत्ती बघा. कुणी १९१२ चा शेवटचा आकडा खरवडून एक केला असेल तर लांब सोंडेचा हत्ती लगेच चुगली करतो. तसंच १९३९ च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयाचं. तो खरोखर दुर्मीळ आहे, म्हणूनच १९३८ च्या आठाचा नऊ करून विकणारे आहेत. दहापटीचं भिंग घ्या आणि शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, बघा. ती खरवडल्यासारखी किंवा बाकीच्या जमिनीपेक्षा वेगळी चमकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

फारसी दिसलं म्हणून मराठ्यांचं नाही?

ही चूक मला सर्वांत जास्त टोचते. पेशव्यांच्या काळातला पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडचा चांदोरी रुपया, आंग्र्यांचा कुलाब्याचा रुपया, या सगळ्यांवर फारसी मजकूर आणि दिल्लीच्या बादशहाचं नाव आहे. व्यवहारात तेच नाणं चालायचं, म्हणून मराठ्यांनीही तसंच पाडलं. ओळख असते ती चिन्हात. अंकुशी रुपयावर हत्तीचा अंकुश शोधा. तो साच्याबाहेर गेल्यानं अर्धाच उमटलेला असू शकतो, कारण साचा मोठा आणि चकती लहान. ‘मुसलमानी नाणं’ म्हणून मोडीत गेलेले असे रुपये नेमके किती, कुणालाच सांगता येणार नाही.

उलट्या बाजूनं, प्रत्येक शिवराई, म्हणजे ते तांब्याचं नाणं, शिवाजी महाराजांच्या काळातली नसते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ हा मजकूर पुढं पेशवाईतही चालू राहिला, १८१८ नंतरही काही काळ शिवराया पाडल्या गेल्या, आणि चलनात तर त्या त्याहून खूप नंतरपर्यंत होत्या. दोन ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई नंतरची. महाराजांच्या काळातल्या शिवराईची अक्षरं, त्यांची वळणं, भोवतीची ठिपक्यांची माळ ही सगळी बारकाईनं जुळवावी लागतात. सोन्याचा होन तुमच्याकडे असल्याचं कुणी सांगितलं तर लगेच पेढे वाटू नका. गडांच्या पायथ्याशी त्याच्या प्रतिकृती सहज मिळतात.

चांदी ओळखताना

जुनी माणसं रुपया वाजवून घ्यायची. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. पद्धत अजूनही बरी आहे, पण फरशीवर आपटू नका. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीनं हलकेच टोका.

वजन मात्र घ्याच. दोन दशांश दाखवणारा छोटा काटा फार महाग नसतो. चांदीचा रुपया, मग तो १८३५ चा विल्यमचा असो की १९४५ चा जॉर्जचा, ११.६६ ग्रॅम. एक तोळा. अधेली ५.८३, पावली २.९२. थोडं कमी भरलं तर झीज. जास्त भरलं किंवा अर्ध्या ग्रॅमनं कमी भरलं तर शंका घ्या.

पाण्याची परीक्षा घरी जमते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. रुपया बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. काटा १.१३ च्या आसपास दाखवील तर ती जुनी ९१.७ टक्क्यांची चांदी. १.२२ च्या आसपास आला तर १९४० ते १९४५ मधला अर्ध्या चांदीचा रुपया. तोही खराच आहे, लढाईच्या काळात चांदी कमी केली होती. १.३४ आला तर जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेलचं मिश्रण, ज्यात चांदी नसतेच. ही परीक्षा नाण्याला काहीही इजा करत नाही, आणि सोनाराच्या कसोटीपेक्षा हजारपट बरी. कसोटीचा दगड कडेवर कायमची खूण ठेवतो.

लोहचुंबकावर एकट्यावर विसंबू नका. चिकटलं तर चांदी नाही हे खरं, पण न चिकटणारं सगळंच चांदीचं नसतं. पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. आणि १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया शुद्ध निकेलचा आहे, तो चटकन चिकटतो. बनावट म्हणून एकानं तो भंगारवाल्याला दिला होता. तो अगदी अस्सल होता.

ओतीव नकलेला कडेभोवती सांध्याची रेघ असते, जमिनीवर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, आणि अक्षरं साबणाच्या वडीवरच्यासारखी मऊ असतात. ठसा मारलेल्या नाण्याची अक्षरं बोटाला लागतात.

राम दरबार, हनुमान आणि १८१८

एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘यूकेएल वन आना’ आणि १८१८, कधी १७१७, कधी चक्क १६१६. कंपनीनं असं नाणं कधीही पाडलं नाही. हे नंतर बनवलेले टोकन आहेत. पूजेत ठेवायचे तर श्रद्धेनं ठेवा, पण ते तांदूळ ओढतं, त्यात दिव्य शक्ती आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी देणार आहे, असं सांगून ‘टेस्टिंग’चे पैसे मागणारा माणूस तुमचे कष्टाचे पैसे घेऊन जाणार, एवढं नक्की. आमच्या शेजारच्या गावातल्या एका कुटुंबानं त्यापायी जमिनीचा तुकडा विकला. म्हणून यावर मी हसत नाही.

किंमत कशी काढायची

विक्रीच्या वेबसाइटवर कुणीतरी १९३८ चा रुपया पाच लाखांना लावलेला असतो. ती त्याची इच्छा आहे, किंमत नव्हे. किंमत म्हणजे कुणीतरी खरोखर मोजलेली रक्कम. लिलाव करणाऱ्या संस्थांचे झालेल्या विक्रीचे निकाल बघा, आणि तेही तुमच्याच सालाच्या, टांकसाळीच्या आणि दर्जाच्या नाण्याचे. झिजलेल्या रुपयाची तुलना पिशवीतून काल काढल्यासारख्या रुपयाशी करू नका.

तळाची किंमत आधी ठरवा. जुन्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, अर्ध्या चांदीच्या रुपयात ५.८३ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावानं गुणा. साधे, झिजलेले, कॉमन सालाचे रुपये यापेक्षा फार वर जात नाहीत, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. पण सोनार मोड म्हणून घेताना घट धरतो, म्हणून साध्या रुपयालाही नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे बरा भाव येतो. एकाच व्यापाऱ्याला दाखवून थांबू नका, तिघांना दाखवा. अख्खा डबा ‘सरसकट’ विकू नका. त्या सरसकटात एखादा मोलाचा रुपया नेमका निघतो.

गिन्नीला टाका लावून पदक केलेलं असेल किंवा रुपयाला कडी बसवलेली असेल तर संग्राहकाची किंमत गेली, धातूची उरली. टाका काढून दुरुस्त करायला जाऊ नका, खूण राहतेच. पण एकदा सालाच्या वरच्या जमिनीच्या रेघेवर बघा: १९१८ च्या गिन्नीवर तिथं बारीक ‘आय’ अक्षर असेल तर ती आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली आहे. तिथं सुमारे १३ लाख पाडल्या गेल्या, आणि त्याही फक्त त्याच वर्षी.

रिझर्व्ह बँकेच्या नावानं फोन आला, कमिशन किंवा टॅक्स आधी भरा म्हणाले, तर फोन ठेवा. बँक जुन्या नाण्यांचा असा व्यवहार करत नाही आणि कुणाला त्यासाठी नेमलेलंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनं स्वतः तसं जाहीर केलं आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी

शेतात, पाया खणताना किंवा जुन्या भिंतीत पुरलेली नाणी सापडली तर ती वाटून घ्यायची नसतात. १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वाटणी झाली की हंडीतल्या नाण्यांचा एकमेकांशी असलेला संबंध तुटतो आणि ती कुणी, कधी पुरली हे शोधायचा रस्ता बंद होतो.

दुसरी, परदेशी राहणाऱ्यांसाठी. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. आजीनं दिलेले राणीछाप रुपये अमेरिकेला जाताना बॅगेत टाकू नका.

दाखवायला नेण्याआधी

दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद करून. कडेचा फोटो लोक नेहमी विसरतात. वजन आणि रुंदी लिहा. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. तिथली खरी नाणी एकदा डोळे भरून बघितलीत तर खोटं नाणं हातात आल्यावर मन आपोआप कचरतं.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. ही वस्तू कुणाची, कुणी दिली, कोणत्या गावाहून आली. वहीत तारखेसह लिहा आणि ती चिठ्ठी वस्तूबरोबरच ठेवा. गेल्या वर्षी मी आमच्या ९१ वर्षांच्या आत्याला ते पदक दाखवलं. तिनं कड बोटानं चाचपली आणि म्हणाली, “यावर आकडा होता रे. माझी आई तो तोंडपाठ म्हणायची, पेन्शनच्या कागदासाठी.” शेवटचे दोन आकडे तिला आठवले. तेवढे मी लिहून घेतले आहेत.